परदेशात भेटणारा परदेशी मासा

न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरावर जगभरचे हौशी लोक ट्राऊट पकडायला येतात. पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची आणि माशाला फसवायचं, असा हा खेळ. पाहुण्याला वाटतं, आपण अगदी अस्पर्श निसर्गात आलो. पण मंडळी, तो मासाच मुळात बाहेरचा!

१८६४ साली ‘नॉरफोक’ जहाजातून इंग्लंडहून टास्मानियाकडे माशांची अंडी निघाली, ओल्या शेवाळात आणि बर्फात जपून. बेत होता सॅमनचा; ट्राऊटची थोडी अंडी सोबत दिली इतकंच. सॅमन समुद्रात गेला तो परतलाच नाही. ट्राऊट मात्र रुजला आणि १८६७ मध्ये तिथून न्यूझीलंडला पोचला. पुढे कॅलिफोर्नियाचा रेनबो ट्राऊटही आला.

टाउपोकाठचे माओरी कोआरो हा लहानसा देशी मासा खात. ट्राऊट आल्यावर त्याची संख्या झपाट्याने घटली. १९२६च्या कायद्याने सरोवराचा तळ सरकारकडे गेला, बदल्यात जमातीला वार्षिक रक्कम ठरली. उपोकोरोरो या दुसऱ्या देशी माशाला १९५१ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याआधीच तो नाहीसा झाला होता.

ट्राऊटला हाकला, असं आम्ही म्हणत नाही. दीडशे वर्षांनंतर त्याला परका म्हणणं अवघडच आहे. पण गळाचा परवाना काढताना, या पाण्यात आधी कोण राहत होतं आणि त्याच्यावर कोण जगत होतं, एवढं तरी आपण विचारावं.