बऱ्हाणपूरची लूट आणि नातवाचा प्रश्न

तापीकाठच्या आम्हां मराठी घरांतून इतिहास प्रथम येतो तो आजीच्या तोंडून, पाठ्यपुस्तक त्यामागून येते. जानेवारी 1681 मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिना उलटण्यापूर्वीच हंबीरराव मोहित्यांचे घोडदळ बऱ्हाणपुरावर येऊन धडकले, ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल! बहादूरपुऱ्यात सराफांच्या पेढ्या होत्या. तो पुरा व त्यासह इतर पुरे तीन दिवस लुटले गेले. तटाच्या आतला सुभ्याचा अधिकारी काकरखान काही करू शकला नाही. इथे आजीचा आवाज चढत असे.

मध्यंतरी आमच्याच घरी सातवीतल्या नातवाने ही गोष्ट मध्येच थांबवली. “पण बहादूरपुरा तर आपल्याच गावाजवळ आहे. मग लुटले ते आपलेच लोक ना?” क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर एका वडीलधाऱ्यांनी त्याला गप्प केले. आमच्या मते चूक झाली ती तिथे.

गोष्ट सांगूच नये, नुसत्या सनावळ्या द्याव्यात, असे आम्ही म्हणत नाही. गोष्टीवाचून मुलाच्या मनात भूतकाळ जागाच होत नाही. परंतु गोष्टीला प्रश्न विचारण्याची वाट ठेवावी लागते. आपल्याच मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ या संस्थेने 1986 पासून काही शासकीय शाळांत सामाजिक अध्ययनाचा असा प्रयोग केला. होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम), देवास आणि हरदा या भागांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गोष्टी, चित्रे व प्रश्न यांनी विणलेली पुस्तके तयार झाली. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण तपासायचे ते पाठांतर नव्हते. 2002 मध्ये शासनाने तो उपक्रम बंद केला. आपल्याकडे चांगल्या गोष्टींचे आयुष्य बहुधा एवढेच!

तर त्या नातवाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला दुसरी बाजूही वाचावयास द्यावी. खाफीखानाच्या वृत्तान्तात याच लुटीचे वर्णन आहे, पण ते पळणाऱ्यांच्या बाजूने. शहरातील प्रतिष्ठितांनी व उलेमांनी बादशहाकडे तक्रार धाडली, की आमची अब्रू व मालमत्ता सुरक्षित नसेल तर शुक्रवारचा नमाज बंद पडेल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला. मोगलांच्या दक्षिणेच्या या दरवाजावरच घाव का घातला, हे मुलाने स्वतः शोधले तर हंबीररावांची चाल त्याला अधिक कळेल. सराफाच्या दाराशी काय झाले तेही कळेल. दोन्ही एकाच मनात मावतात.

त्याने आणखी एक गोष्ट शोधून काढली. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहाने बऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले, आणि आमच्या घराण्याच्या आठवणी त्यानंतरच्या. म्हणजे लूट झाली तेव्हा आम्ही इथे नव्हतोच! मग 1681 ची गोष्ट आमच्या आजीकडे आली कुठून? दख्खनेतून सोबत आली, की इथे आल्यावर मिळाली? याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेले नाही. त्यासाठी जुनी वतनपत्रे, हक्कनामे, लग्नपत्रिका पेटाऱ्यांतून बाहेर काढाव्या लागतील. आमच्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर त्या वाळवीच्या स्वाधीन आहेत.

चौकशीला कागदच हवेत असेही नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. फारुकी सुलतानाच्या वंशावळीसह त्यात शके 1511 चा पौष महिना कोरलेला आहे. इसवी सन काढण्यासाठी मुलांना 78 मिळवावयास सांगावे. ती 1589 म्हणतील. मग घरचे पंचांग पुढे ठेवावे. पौष जानेवारीत शिरतो हे दिसताच एखादा ओरडतो, “मग 1590!” सुलतानाने मशिदीत संस्कृत का कोरवले, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येतो. त्याला आम्ही घाईने उत्तर देत नाही.

नातू आता आठवीत गेला आहे. गेल्या दिवाळीत आजीने गोष्ट पुन्हा सांगितली. बहादूरपुऱ्यापाशी आली आणि या खेपेस तिचा आवाज चढला नाही, ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, “बोल, आता तू सांग.”