शिष्यवृत्ती सरल्यावर

नाशिककरांस डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिचित आहेत ते १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. त्यांच्या शिक्षणखर्चाचा हिशेब मात्र फारसा कोणी सांगत नाही. प्रवेश मिळूनही पैशाअभावी अडलेल्या आमच्या ज्ञातीतील मुलांसाठी तो येथे देत आहोत. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. मोबदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात शिकत असता त्यांतूनच घरीही पैसे धाडावयाचे! मुदत सरली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशेवर प्राध्यापकी, कडक काटकसर, शाहू महाराजांचे साहाय्य, स्नेही नवल भथेना यांजकडून कर्ज. तेव्हा कोठे १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी. एस्‌सी. पदरी पडली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचाच प्रश्न!