वेशीवरचा आवाज

चिनी भिक्षू फाहियान विनयग्रंथांच्या शोधात इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. पाटलीपुत्रात तो तीन वर्षे राहिला. अशोकाचा राजवाडा माणसांच्या हातचा नव्हे, असे त्याने लिहिले. गोरगरिबांना फुकट औषधपाणी देणारे दवाखानेही त्याने नोंदवले. गुप्तांच्या ‘सुवर्णयुगा’ची साक्ष म्हणून आपली पाठ्यपुस्तके त्यालाच उभा करतात.

पण हाच साक्षीदार मध्यदेशाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. चांडाळ वेगळे, वस्तीबाहेर राहतात. नगरात वा बाजारात शिरताना ते लाकूड आपटून आवाज करतात. तो ऐकून लोक बाजूला होतात.

म्हणजे त्या वेशीतून दोन वाटसरू आत येत होते. परदेशी भिक्षू नगर पाहत येई. याच मातीतल्या माणसाला मात्र नगर पाहण्याआधी स्वतःचा विटाळ पुकारावा लागे.

पुढे ह्युएन त्संग (प्रवास इ. स. ६२९ ते ६४५) आला. खाटीक, कोळी, नट, झाडूवाले यांची घरे त्याला नगराबाहेर, खूण लावलेली दिसली. रस्त्याने ते डाव्या कडेने चालत.

अस्पृश्यतेचा काळ ठरवताना बाबासाहेबांनी ‘दि अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये या दोघांचीही साक्ष तपासली.

त्या लाकूड आपटणाऱ्याला नगर कसे दिसले, हे कोणी लिहून ठेवले नाही. लिहिणारे हात वेशीच्या आत होते. आज तेच ‘सुवर्णयुग’ आपण फळ्यापुढे उभे राहून शिकवतो. मग त्या लाकडाचा आवाज वर्गात ऐकू यायलाच हवा.