तांबडा भोपळा : लोकनामे व म्हणी

कर्कटी कुलातील ही वेलवर्गीय फळभाजी मूळची अमेरिका खंडातील असून युरोपीयांच्या सागरी व्यापारामुळे ती भारतात रुजली. प्रदेशागणिक तिची नावे बदलतात; मराठवाड्यात ती काशीफळ वा गंगाफळ, विदर्भात कोहळे, तर खानदेशात डांगर म्हणून ओळखली जाते. इतरत्र मात्र कोहळा म्हणजे पेठ्याचे पांढरट फळ (कूष्मांड) होय. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’, म्हणजे अल्प देऊन मोठा लाभ साधणे, या म्हणीत तोच अभिप्रेत आहे. ‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ हा प्रयोग उपरोधाने हाडवैर दर्शवितो, तर ‘भ्रमाचा भोपळा फुटणे’ म्हणजे खोटी समजूत उघडी पडणे होय.