वरचा रूळ आणि चौकोनी दांडा

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत पूर्वी चरक बैल फिरवीत. लाट थेट उभ्या रुळाच्या माथ्याला जोडलेली असे. रूळ थोडा डगमगला तरी लाट हले आणि बैल सावरून घेई. १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणाकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती वारणानगर वसले आणि परिसरातील ऊस यंत्रांकडे वळला. लोखंड मात्र बैलासारखे सावरून घेत नाही.

साखर कारखान्याच्या मिलमध्ये मुख्य रूळ तीन. खालचे दोन जागच्या जागी फिरतात. वरचा मात्र उसाचा थर जाड-पातळ होईल तसा तेलाच्या दाबाखाली वर-खाली होतो. त्याला फिरवणारा गिअरचा शाफ्ट तसूभरही हलत नाही. दोन्ही घट्ट जोडले, तर काहीतरी मोडणारच! म्हणून मध्ये ‘टेल बार’ येतो: चौकोनी दांडा, दोन्ही टोके कपलिंगांत मुद्दाम सैल बसवलेली.

१८२१ मध्ये आयरिश अभियंता जॉन ओल्डहॅम याने एका रेषेत नसलेले शाफ्ट सरकत्या चकतीने जोडले होते. टेल बार तितका देखणा नाही. त्याची टोके घासतात, रुळाला आडवा रेटा बसतो, बेअरिंग झिजतात. ऐन हंगामात मिल थांबली, की तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा घटतो. झळ सभासद शेतकऱ्यालाच. पुढे आलेल्या रोप कपलिंगने तो रेटा बराच कमी केला. त्यात दांड्याऐवजी असतात दोरांचे फास.