वडिलांची इंग्रजी सातवी आणि माझी अकरावी

परवा नात विचारत होती, "आजी, तुम्हाला शाळेत शेक्सपिअर होता का गं?" ती आय.सी.एस.ई.च्या शाळेत नववीला आहे, तिला त्याचं अख्खं नाटक अभ्यासाला आहे. मी म्हटलं, "आम्हाला शेक्सपिअर नव्हता बाई, आम्हाला गाईड होतं!" ती हसली. मला मात्र माझंच उत्तर दिवसभर टोचत राहिलं.

माझे वडील मॅट्रिक. त्यांच्या वेळची मोजणीच निराळी होती. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली सुरू, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. ही परीक्षा मुंबई विद्यापीठाची. विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. वडील साधे कारकून, पण मॅट्रिकला पाठ केलेल्या इंग्रजी कविता त्यांना म्हातारपणीही येत. अँटॉप हिलच्या आमच्या दोन खोल्यांत दिवे गेले की ते त्या मोठ्याने म्हणत. आम्हाला अर्थ कळत नसे, पण चाल लक्षात राहिली.

शाळेतल्या त्या इंग्रजीतून केवढं काही निघालं! केशवसुतांचंच बघा ना. १८८९ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा विशी उलटून गेली होती. पुढे कॉलेज नाही. तरी १८९२ साली त्यांनी इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चौदा ओळींची कविता मराठीत लिहिली. तिलाच पुढे आपण सुनीत म्हणू लागलो. नंतर खानदेशात, धारवाडला त्यांनी मास्तरकी केली. म्हणजे इंग्रजी कविता वाचून मराठी कविता बदलणारा हा माणूस पदवीधर नव्हता, मॅट्रिक झालेला शाळामास्तर होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं गेलं. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. हेतू वाईट नव्हता. मुलांनी आधी आपल्या भाषेत विचार करायला शिकावं, हे मला आजही पटतं. पण दुसरी बाजूही होती. १९५४ साली मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून इतरांना घ्यायचं नाही. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तो हुकूम रद्द झाला. निकाल योग्यच होता. पण ज्यांना परवडत होतं त्यांची वाट त्यामुळे मोकळी राहिली, आणि आठवीची वाट उरली ती आमच्यासारख्यांना.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. ए-बी-सी-डी आठवीत गिरवली आणि १९६६ साली अकरावीची एस.एस.सी. दिली. वडिलांना सात वर्षं मिळाली, मला चार. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाक्यं जुळवायला शिकतोय तोवर कविता समोर आल्या. कधी न पाहिलेली फुलं, कधी न अनुभवलेलं बर्फ. आमच्या पूर्वेला मिठागरं, दुपारी डोळे दिपवणारं पांढरं मीठ. बर्फ म्हणजे तसंच काहीतरी असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. सर ओळ वाचत, मराठीत अर्थ सांगत, मग उत्तर फळ्यावर लिहून देत. आम्ही ते उतरवून घेऊन पाठ करत असू. पास व्हायला पस्तीस मार्क पुरत.

पुढे मराठी माध्यमातून बी.ए. झाले, इतिहास शिकवू लागले. इंग्रजीला शिक्षक कमी पडले की तो तास माझ्या गळ्यात येई. मीही तेच केलं... फळ्यावर उत्तर. एका वर्षी एका एकट्या म्हातारीवरची कविता होती. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "बाई, एकटं त्या म्हातारीला वाटतंय, की कवीला वाटतंय?" अख्ख्या नोकरीत मला कवितेबद्दल विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. आणि मी म्हटलं, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस, उत्तर लिहून घे."

तो बसला, त्याने लिहून घेतलं. सहामाहीला चाळीस पेपरांत माझंच उत्तर चाळीस वेळा वाचलं. त्यात त्याचाही पेपर होता. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

आज वाटतं, दोष नुसता वर्षांचा नव्हता. २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे वडिलांपेक्षाही जास्त वर्षं मिळाली. पण तासाला प्रश्न विचारू दिला नाही तर वर्षं वाढवून काय होणार? केशवसुतांना त्या कवितांशी काही बोलता आलं, म्हणून सुनीत आलं. माझ्या वर्गातलं ते बोलणं मीच बंद केलं. वर्षं कमी मिळाली हे सरकारचं, पण "खाली बस" हे माझं.

रात्री नात पुस्तक घेऊन आली. "आजी, हा माणूस खरंच दुष्ट आहे, की सगळे म्हणतात म्हणून तसा झाला?" माझं इंग्रजी तिच्यापुढे लंगडं. तरी चष्मा लावला आणि म्हटलं, "वाच बरं ते पान पुन्हा, सावकाश."

असो.