जैवसंवेदकाच्या इतिहासात पटलाचे स्थान

जैवसंवेदकाचा इतिहास सांगताना १९६२ हे वर्ष प्रारंभबिंदू मानण्याचा प्रघात पडलेला आहे. त्या वर्षी लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वार्षिकांत प्रसिद्ध केलेल्या निबंधात हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या रक्ताचे अखंड मापन करणाऱ्या विद्युत् अग्रांचा, म्हणजे इलेक्ट्रोडांचा, विचार मांडला होता, आणि त्यातच ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम अग्रापुढे कोंडून रक्तातील शर्करा मोजता येईल असे दाखविले होते. या कथेचा नायक साहजिकच एंझाइम ठरतो. ज्या घटकाला हजारो द्रव्यांच्या मिश्रणातून एकच द्रव्य नेमके ओळखता येते, त्याच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविकच आहे. परंतु हे एंझाइम १९६२ मध्ये नवे नव्हते. म्यूलर यांनी १९२८ मध्येच ते बुरशीच्या अर्कातून दाखवून दिले होते. मग मधली चौतीस वर्षे कशाची वाट पाहण्यात गेली, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर एंझाइमात नसून त्याच्या पुढे-मागे असलेल्या पातळ पापुद्र्यात, म्हणजे पटलात, शोधावे लागते.

ऑक्सिजनचे विद्युत्-रासायनिक मापन त्यापूर्वीच ज्ञात होते. हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे पोलॅरोग्राफीचा पाया घातला. विशिष्ट विद्युत् दाब दिल्यास अग्रावर पोहोचणारा ऑक्सिजन क्षपित होऊन त्याच्या प्रमाणात प्रवाह वाहतो, हे त्यातून स्पष्ट झाले होते. तथापि टपकत्या पाऱ्याचे अग्र रक्तात बुडविणे शक्य नव्हते. डेव्हिस व ब्रिंक यांनी १९४२ मध्ये प्राण्यांच्या ऊतकांत प्लॅटिनमची अग्रे वापरली. परंतु उघडे प्लॅटिनम प्रथिनांनी माखून जाते, आणि मग यंत्र दाखविते ते ऑक्सिजनचे मान, की अग्रावर साचलेल्या थराची जाडी, हे कळेनासे होते.

क्लार्क या प्रश्नाकडे वळले ते मापनशास्त्राच्या ओढीने नव्हे. ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथे, अँटिऑक कॉलेजच्या परिसरात, ते रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून कृत्रिम फुप्फुसाचे काम करणारे यंत्र बनवीत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब तुम्ही मोजलेला नाही, या कारणाने त्यांचा एक निबंध संपादकांनी परत केला आणि त्यातून ऑक्सिजन अग्राचा जन्म झाला, ही हकिकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. या यंत्रावरील क्लार्क, गोलान व गुप्ता यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला असल्यामुळे हकिकतीचा तपशील जपूनच स्वीकारावयास हवा. अडचण मात्र खरी होती.

तिच्यावरील उपाय दोन टप्प्यांत सापडला, आणि त्या दोहोंतील भेद इतिहासकारांनी पुरेसा स्पष्ट केलेला नाही. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या ऋणाग्रावर सेलोफेनचे आवरण चढविले. सिगारेटच्या पाकिटाला गुंडाळलेला पारदर्शक कागद तोच. त्यामुळे प्रथिने व रक्तपेशी दूर राहिल्या. परंतु सेलोफेनमधून पाणी व क्षार आरपार जातात. विद्युत् मंडल पूर्ण होण्यासाठी दुसरे अग्र बाहेर रक्तातच ठेवावे लागे, आणि अशा रीतीने स्वतः रक्तच मापनयंत्राचा एक भाग बनून राही. १९५४ च्या शरद ऋतूत क्लार्क यांनी सेलोफेनच्या जागी पॉलिएथिलीन घेतले. या पटलातून वायू जातो, आयन जात नाहीत. साहजिकच बाहेरच्या अग्राशी संबंध तुटतो. म्हणून धनाग्र व ऋणाग्र ही दोन्ही, थोड्याशा विद्युत् विच्छेद्य द्रवासह, पटलाच्या एकाच बाजूस आणणे भाग पडले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना वरवर पाहता किरकोळ फेरफार वाटते. वस्तुतः तिने यंत्र व नमुना यांची फारकत केली. पटलाबाहेर रक्त असो, नदीचे पाणी असो वा किण्वनाच्या टाकीतील मिश्रण असो, आतले रसायन तेच राहते. ऑक्सिजन किती वेगाने आत येईल हेही मुख्यतः पटलाच्या जाडीवर व जातीवर ठरते. एकच साधन रुग्णालयात आणि सांडपाण्याच्या केंद्रात सारख्याच विश्वासाने वापरता येऊ लागले ते यामुळे.

१९६२ ची कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप ध्यानात येते. वायूपुरते दार उघडणाऱ्या पटलापुढे क्लार्क व लायन्स यांनी दुसरे, सच्छिद्र पटल बसविले आणि दोहोंच्या मध्ये एंझाइम कोंडले. ग्लुकोजचा लहान रेणू बाहेरून आत येतो, एंझाइमचा मोठा रेणू बाहेर निसटत नाही. अभिक्रियेत ऑक्सिजन खर्ची पडतो आणि ती घट अग्राला जाणवते. अपडाइक व हिक्स यांनी १९६७ मध्ये एंझाइम पॉलिॲक्रिलामाइडच्या जेलीत जखडून टाकून ही रचना अधिक टिकाऊ केली. ‘यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट’ कंपनीचे शर्करामापक यंत्र १९७५ मध्ये बाजारात आले. ते ऑक्सिजनची घट न मोजता अभिक्रियेत निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजत असे. पुढे १९८४ मध्ये ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीनचा अनुजात मध्यस्थ म्हणून योजिला आणि १९८७ मध्ये लेखणीच्या आकाराचा मापक मधुमेही रुग्णाच्या हाती पडला.

पटल काय आत सोडते, यावर यंत्र काय मोजते हे अवलंबून असते. आणि या गोष्टीचे परिणाम औषधशास्त्रापेक्षा जलपरीक्षणात अधिक तीव्रतेने पुढे आले. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक राजआयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात नदीत सोडावयाच्या पाण्याची कसोटी ठरवून दिली होती. नमुना ६५ अंश फॅरनहाइटवर ५ दिवस ठेवावयाचा आणि त्यातील जीवाणूंनी किती ऑक्सिजन खर्च केला ते पाहावयाचे. ही मर्यादा लाख भागांत २, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, अशी होती. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, व्यवहारातील ‘बीओडी’, ती हीच. तिच्यात एक मूलभूत गैरसोय आहे. पाणी दूषित आहे हे कळेपर्यंत ते पाणी पाच दिवसांची वाट चालून गेलेले असते.

जपानमध्ये इसाओ कारुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एंझाइमच्या जागी जिवंत सूक्ष्मजीव बसवून या मागणीचा संवेदक सिद्ध केला. दोन वर्षांनी ट्रायकोस्पोरॉन क्युटेनियम हे यीस्ट सच्छिद्र पटल व टेफ्लॉन पटल यांच्यामध्ये ठेवण्यात आले आणि ५ दिवसांचे उत्तर १५ ते २० मिनिटांत मिळू लागले. क्लार्क यांचीच रचना, कैदी तेवढा बदललेला. १९८३ मध्ये असे यंत्र विक्रीस आले व १९९० मध्ये जपानच्या औद्योगिक मानकांत या पद्धतीस स्थान मिळाले.

तथापि हे उत्तर त्याच प्रश्नाचे होते काय? पिष्टासारखे मोठे रेणू आणि पाण्यात तरंगणारे घनकण पटलातून आत येत नाहीत. बाटलीत मात्र पाच दिवसांत जीवाणू त्यांचाही फडशा पाडू लागतात. संवेदकाचे अंशांकन ग्लुकोज व ग्लुटामिक आम्ल यांच्या द्रावणाने केले जाते, म्हणजे सहज पचणाऱ्या अन्नाने. त्यामुळे किण्वन कारखान्याच्या पाण्यात दोन्ही आकडे जवळजवळ येतात, तर पिष्ट किंवा तंतू वाहून नेणाऱ्या पाण्यात संवेदक मागणी कमी दाखवितो. यास यंत्राचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. संवेदकाने एक नवीन राशी मोजली आणि तिला जुने नाव मिळाले, असे म्हणणे अधिक यथार्थ आहे. शरीरातील शर्करेच्या बाबतीतही असेच घडले. शिचिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्वचेखाली टोचता येणारे सुईसारखे अग्र वर्णिले आणि १९९९ मध्ये अखंड मापनाच्या पहिल्या यंत्रास अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु ही यंत्रे रक्त न पाहता पेशींभोवतीचा ऊतकद्रव पाहतात, आणि शर्करा वेगाने चढत-उतरत असताना त्यांचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. मात्र येथे वैद्यकाने तडजोड लवकर केली, कारण विलंब किती व कशामुळे हे ठाऊक असले की रुग्णाला आकड्याचा कल अधिक उपयोगी पडतो.

जलप्रदूषणाचा कायदा अशी तडजोड सहजी करू शकत नाही, कारण त्याची शिक्षा एका ठरलेल्या आकड्याला बांधलेली असते. भारताचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९७४ चा. ब्रिटिश कसोटीचे तापमान येथील नद्यांना लागू पडत नव्हते. म्हणून भारतीय मानकाने ५ दिवसांऐवजी २७ अंश सेल्सियसवर ३ दिवसांची मुदत स्वीकारली, आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यास लिटरला ३० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा याच बाटलीच्या हिशेबाने आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये मोठ्या प्रदूषक उद्योगांना अखंड मापनयंत्रे बसविण्यास फर्माविले, तेव्हा त्या यंत्रांत बहुधा सूक्ष्मजीव नव्हते. पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे शोषण पाहून मागणीचा अंदाज बांधणारी ती साधने आहेत. यीस्ट जगविणे व दर काही आठवड्यांनी पटल बदलणे यांपेक्षा दिव्याची काच पुसणे सोपे, हे त्याचे एक सरळ कारण. अशा यंत्राचा आकडा क्षणोक्षणी मंडळाकडे जात असला, तरी त्याचे अंशांकन करण्यासाठी प्रयोगशाळेत ३ दिवस बाटली ठेवावीच लागते.